मायबाप सरकार आणि मोठी झालेली लेकरं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोलापुरात आमच्या गल्लीत मराठी शाळेत जाणारी मुलं फार नव्हती. त्यामुळं सातवीत असल्यापासून गल्लीतल्यांचे अर्ज लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं आहे, नळाचं बिल जास्त आलंय, विधवेची पेन्शन अडकली आहे. कागद ज्याचा त्याचा, अक्षर माझं. मोबदला म्हणून कधी चहा, कधी गुडदाणी. शेजारी एक म्हातारे विणकर राहायचे. अर्जाची सुरुवात 'मायबाप सरकार' अशीच झाली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मी म्हणायचो, "चाचा, गुरुजींनी 'माननीय तहसीलदार साहेब' असं लिहायला शिकवलंय." ते म्हणायचे, "साहेब बदलतो बेटा, मायबाप बदलत नाहीत."

पुढं कविता लिहू लागलो आणि शब्दांकडं जरा संशयानं बघायची सवय लागली. तेव्हा हा शब्द मला टोचू लागला. सरकारला मायबाप म्हटलं की आपण आपोआप लेकरू होतो. लेकराला खाऊ मिळतो, तसा धपाटाही मिळतो. दोन्ही त्याच्या भल्यासाठीच असतात आणि दोन्हींच्या वेळी त्याला कुणी विचारत नाही. लहानपणी ते ठीकच असतं. पण पन्नाशीच्या माणसाला, मत देणाऱ्या, कर भरणाऱ्या, घर चालवणाऱ्या बाईला सरकार जेव्हा 'तुझं भलं मला जास्त कळतं' असं म्हणतं, तेव्हा काय करायचं? आज याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. अर्थशास्त्रात आणि नीतिशास्त्रात याला पालकवाद म्हणतात. माणसाच्या स्वतःच्याच हितासाठी, त्याला नको असताना, त्याच्या निवडीत हात घालणं, असा त्याचा साधा अर्थ.

इथं एक भेद आधीच करून घेऊ. चोरीला बंदी आहे ती दुसऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून. तांबडा दिवा पाळायचा तोही समोरून येणाऱ्यासाठी. त्यात पालकवाद नाही. हेल्मेट मात्र माझ्या डोक्यासाठी आहे. मी ते घातलं नाही तर फुटणार ते माझंच डोकं. मग पोलिसानं मला का अडवावं?

हा प्रश्न सगळ्यात ठामपणे मांडला जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतानं. १८५९ साली त्याचं स्वातंत्र्यावरचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की समाजानं माणसावर जबरदस्ती करावी ती फक्त इतरांना होणारी इजा टाळण्यासाठी. त्याचं स्वतःचं भलं हे सक्तीचं कारण होऊ शकत नाही. त्याला समजवा, विनवा, त्याच्याशी वाद घाला; पण शिक्षा करू नका. मिलनं एका मोडक्या पुलाचं उदाहरण दिलं आहे. पूल मोडका आहे हे ठाऊक नसलेला माणूस त्यावर पाय ठेवतोय आणि सांगायला वेळ नाही. अशा वेळी त्याला मागं ओढलं तर त्याचं स्वातंत्र्य गेलं असं होत नाही, कारण त्याला नदीत पडायचं नव्हतंच. पण नुसता धोका असेल, पडणार हे नक्की नसेल आणि माणूस शुद्धीवरचा, सज्ञान असेल, तर त्याला सावध करावं, अडवू नये.

वाचून मन प्रसन्न होतं. पण याच मिलनं सतराव्या वर्षापासून, म्हणजे १८२३ पासून १८५८ पर्यंत, लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरी केली. हिंदुस्थानच्या कारभाराचे खलिते लिहिणं हे त्याचं काम. आणि स्वातंत्र्याचा हा नियम लहान मुलांना लागू नाही, तसा अजून 'वयात न आलेल्या' समाजांनाही लागू नाही, असं तो त्याच पुस्तकात सांगून जातो. हे समाज म्हणजे कोण, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आमच्या चाचांचा 'मायबाप सरकार' हा शब्द कुठल्या कचेरीतून आला असेल, याचा अंदाज मला हे वाचल्यावर आला. पालकवादातली पहिली मेख इथंच आहे. कोण सज्ञान आणि कोण लेकरू हे ठरवतो कोण? ज्याच्या हाती सत्ता तो. मग साहेब गेला आणि आपला माणूस खुर्चीवर बसला तरी गरीब, अडाणी, बाई आणि आदिवासी हे लेकरूच राहतात.

असं असताना सरकारनं अशा बाबतीत हातच घालू नये, असं म्हणून मोकळं व्हावं का? मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होतो. २०१९ च्या सुरुवातीला पुण्यात हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी कडक झाली, विरोधात मोर्चे निघाले. त्या दिवसांत एका कविसंमेलनात मी हेल्मेटसक्तीची खिल्ली उडवणारी कविता वाचली. टाळ्या भरपूर पडल्या. त्याच पावसाळ्यात माझा भाचा मोटारसायकलवरून घसरला. डोक्यात काही नव्हतं. जीव वाचला, पण आठ महिने अंथरुणात गेले. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान गेलं. माझ्या बहिणीनं दागिने मोडले, मग कर्ज काढलं. डोकं भाच्याचं होतं, पण कर्ज बहिणीचं झालं. ती कविता मी पुन्हा कुठं वाचली नाही.

अर्थशास्त्रज्ञ ज्याला बाह्य परिणाम म्हणतात तो हाच. माझ्या निवडीची किंमत माझ्या खिशातून न जाता दुसऱ्याच्या खिशातून जाते. सरकारी दवाखान्यातली खाट, रक्ताची बाटली, घरातल्या बाईची मोडलेली मजुरी, मुलाची सुटलेली शाळा हा सगळा त्या न घातलेल्या हेल्मेटचा हिशेब. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणं २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार माणसं गेली. त्यांत हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे लोक ५० हजारांच्या आसपास होते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली घेतला गेला. हेल्मेटमुळं अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात निघालं. एवढा फायदा आणि त्रास किती, तर केस चपटे होतात.

पण हे गणित जपून वापरलं पाहिजे. 'तुझ्या आजाराचा खर्च समाजावर पडतो' हे कारण एकदा मान्य केलं की मधुमेह्याच्या ताटातली जिलेबी उचलायलाही सरकारी हात येऊ शकतो. कुठं थांबायचं? माझ्या मते नियम माणसाच्या आयुष्यात किती आत शिरतो ते बघावं. हेल्मेट डोक्यावर बसतं, डोक्यात शिरत नाही. कुठं जायचं, कुणाबरोबर जायचं, कशासाठी जायचं हे सगळं माझ्याच हाती राहतं. आणि तिथंही कायद्यानं माणसाची ओळख जपली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेट सक्तीचं करताना पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना वगळलेलं आहे.

यापेक्षाही गुपचूप चालणारा पालकवाद आपण रोज चिमटीनं आमटीत टाकतो. तो म्हणजे आयोडीनयुक्त मीठ. आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, त्याहून वाईट म्हणजे पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठातून आयोडीन देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढं खाण्यासाठी साधं मीठ विकायला बंदी आली. २००० साली केंद्रानं ती उठवली, २००६ मध्ये पुन्हा आणली. यात सक्ती आहेच. पण मोर्चे निघाले नाहीत, कारण हा मिलचा मोडका पूलच आहे. मिठात आयोडीन आहे की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. बाळाचं नुकसान होतं ते कळेपर्यंत वेळ गेलेली असते. खर्च मात्र किरकोळ. माहिती नसल्यामुळं जिथं माणूस फसतो आणि उपाय स्वस्त असतो, तिथं मायबापाचा हात बोचत नाही.

आता थोडं अवघड वळण. माहिती आहे, तरी माणूस चुकतो, त्याचं काय? तंबाखू वाईट हे कुणाला ठाऊक नाही? म्हातारपणासाठी पैसे साठवावेत हे कुणाला सांगावं लागतं? तरीही आजचा गोडवा उद्याच्या कडूपणापेक्षा मोठा वाटतो. माणसाच्या या स्वभावावर अर्थशास्त्रात अलीकडं बराच अभ्यास झाला. रिचर्ड थेलर यांना २०१७ साली नोबेल मिळालं ते यासाठीच. त्यांनी कॅस सन्स्टिन यांच्यासोबत २००८ साली लिहिलेल्या पुस्तकात मधला मार्ग सुचवला. सक्ती करू नका, फक्त हलकासा धक्का द्या. बचत योजनेत नाव आपोआप नोंदवा, ज्याला नको त्याला बाहेर पडू द्या. कँटीनमध्ये फळं समोर मांडा, तळलेलं मागं ठेवा. आपल्याकडची भविष्यनिर्वाह निधीची पद्धत याच्या कितीतरी आधीची, १९५२ च्या कायद्याची. तिथं धक्का नाही, सरळ कपात आहे. पण निवृत्त होताना हाती आलेल्या त्या रकमेला शिव्या देणारा कामगार मला भेटलेला नाही.

मात्र ही युक्ती अर्थशास्त्रज्ञांनी शोधली असं म्हणाल तर आमच्या गल्लीतल्या बायका हसतील. त्यांची भिशी काय होती? दर महिन्याला ठरलेली रक्कम काढायची, एकीला एकदम द्यायची. घरात पैसे ठेवले तर राहत नाहीत, नवरा मागतो, पोरं मागतात, आपलाही हात वळतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी स्वतःलाच बांधून घेतलं. चार जणींच्या लाजेची कडी लावली. कडी लावणारा हात त्यांचाच होता.

माझ्या घरचंच दुसरं उदाहरण द्यायचं तर रोजाचं. रमजानमध्ये मे महिन्याच्या उन्हात सोलापूरसारख्या गावी चौदा तास पाण्याचा घोट न घेता राहणं ही काही लहान गोष्ट नव्हे. पण रोजाची सुरुवात होते ती नियतीनं, म्हणजे मनाच्या संकल्पानं. आजारी, प्रवासी, गरोदर बाई यांना सवलत आहे. समजा उद्या चौकाचौकात पोलीस उभे केले आणि जो पाणी पिईल त्याला दंड केला, तर सगळे उपाशी राहतील, पण रोजा कुणाचाच होणार नाही. संयम माणसाचा स्वतःचा असला तरच त्याला मोल. दारूच्या बाबतीत मला हे फार जाणवतं. माझ्या धर्मात ती हराम, मी तिला शिवत नाही. पण माझं न पिणं हे माझ्या श्रद्धेचं काम आहे. ते फौजदाराचं काम झालं तर त्यात माझं काय उरलं?

आणि आपल्या राज्यातला दारूचा कायदा पाहिला की हसावं की रडावं कळत नाही. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. नाव आता महाराष्ट्राचं झालं, पण गाभा तोच. त्याप्रमाणं पिणाऱ्याकडं परवाना लागतो आणि तो मिळतो आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे कागदोपत्री महाराष्ट्रातला प्रत्येक परवानाधारक प्रकृतीच्या कारणासाठीच पितो! कडक दारूसाठी वयाची अट पंचवीस. एकविसाव्या वर्षी माणूस सरपंच होऊ शकतो, गावाचं अंदाजपत्रक मांडू शकतो. पण स्वतःच्या पेल्यात काय असावं हे ठरवायला त्यानं आणखी चार वर्षं थांबायचं. दुसरीकडं हेच सरकार दारूच्या करातून दरवर्षी हजारो कोटी रुपये मिळवतं. बाप एका हातानं पोराचा कान धरतो आणि दुसऱ्या हातानं गल्ला सांभाळतो. असा बाप पोराच्या मनातून उतरला तर दोष कुणाचा?

पालकवादाचा दुसरा दोष म्हणजे तो सगळ्यांचा सारखा पालक नसतो. २००५ साली राज्यानं डान्सबारवर बंदी घातली. बायकांची प्रतिष्ठा, तरुणांचं चारित्र्य अशी कारणं दिली गेली. पण त्याच कायद्यात तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट होती. म्हणजे नाच तोच, पण महागड्या झुंबराखाली तो चारित्र्य बिघडवत नाही. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. पुढंही नवे कायदे आणि नवे खटले झाले. पण मधल्या काळात ज्या बायकांची रोजी गेली, त्या कुठं गेल्या, काय करू लागल्या, याची चौकशी त्यांच्या प्रतिष्ठेची काळजी वाहणाऱ्यांनी किती केली?

बाईच्या बाबतीत हा कळवळा नेहमीच उफाळून येतो. इंग्रजांच्या काळातल्या, १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यात, जिथं दारू दिली जाते तिथं बायकांना नोकरीवर ठेवू नये असं कलम होतं. त्यांच्या सुरक्षिततेसाठी. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००७ मध्ये अनुज गर्ग खटल्यात ते अवैध ठरवलं. निकालाचा आशय असा की बाईला धोका असेल तर कामाची जागा सुरक्षित करा. धोक्याचं कारण सांगून तिची नोकरी काढून घेऊ नका. मला वाटतं, पालकवादाबद्दल आपल्या न्यायालयांनी सांगितलेलं हे फार शहाणं वाक्य आहे. राखण करायची असेल तर रस्त्यावर दिवे लावा, दाराला बाहेरून कुलूप लावू नका.

तिसरा प्रश्न किमतीचा. भलं कुणाचं आणि पैसे कुणाचे? गुटख्याचं घ्या. महाराष्ट्रानं २००२ मध्ये बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. नंतर नव्या अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली आणि वर्षावर्षानं तिचे आदेश नव्यानं निघत राहिले. या बंदीच्या बाजूनं मी उभा राहीन. कारण गुटख्याची पुडी माणूस पहिल्यांदा फोडतो तो बहुतेकदा शाळकरी वयात. तेव्हा तो सज्ञान नसतो, आणि सज्ञान होईपर्यंत निवड त्याच्या हाती उरलेली नसते. व्यसन म्हणजे लहानपणी केलेली सही, जी मोठेपणी खोडता येत नाही. तरी टपरीच्या मागून दुप्पट पैशांत पुडी मिळतेच, आणि पकडला जातो तो टपरीवाला. कारखाना दूर, दुसऱ्या राज्यात असतो.

तंबाखूची दुसरी बाजू मी घरासमोर पाहिली आहे. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात. आमच्या समोरच्या खाला चाळीस वर्षं वळत होत्या. मांडीवर सूप, हातात कात्री, तेंदूची पानं, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला ती दिसू नयेत. एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटावर पंच्याऐंशी टक्के जागेत धोक्याचं चित्र छापावं लागू लागलं. विड्यांच्या पुडक्यावरचं ते सडलेल्या गळ्याचं चित्र खालांनी मला दाखवलं आणि विचारलं, "हे ओढणाऱ्याचं झालं बेटा. वळणारीची छाती कुठं छापली आहे?" चित्र चुकीचं नव्हतं. विडी ओढू नये हेही खरं. पण ओढणाऱ्याचा जीव वाचवणारं धोरण जर विडी वळणारीच्या मजुरीवर उभं राहणार असेल, तर तिला दुसरं काम देण्याचा खर्च त्याच धोरणाच्या हिशेबात धरला पाहिजे. तो धरला जात नाही. भल्याची किंमत सगळ्यात आधी तिनं मोजायची, जिचा त्या भल्यात वाटाच नाही.

आता सगळ्यात मोठा पालकवाद, गरिबाच्या पोटाचा. गरिबाला मदत धान्यानं द्यावी की रोख पैशानं? आपल्याकडं या चर्चेत कुणीतरी हमखास म्हणतं, 'पैसे दिले तर दारूत उडवतील.' २०२४ साली 'लाडकी बहीण' योजना आली, महिना दीड हजार रुपये बायकांच्या खात्यावर जाऊ लागले, तेव्हा 'या बायका पैशांचं करणार काय?' असं चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून मी ऐकलं. मायबापाच्या जागी भाऊ आला, एवढाच फरक. बाई धाकटीच राहिली. ती योजना परवडते का, निवडणुकीच्या तोंडावर का आली, हे प्रश्न जरूर विचारावेत. पण गरीब पैसे उधळतात ही समजूत तपासून झालेली आहे. जागतिक बँकेचे डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी २०१४ साली वेगवेगळ्या देशांतल्या १९ अभ्यासांचा आढावा घेतला. रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असं त्यात दिसलं नाही. उलट तो काही ठिकाणी कमी झालेला आढळला.

मग रोखच द्यावी का? थांबा, अजून कुणीतरी बोलायचं राहिलं आहे. ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा यांच्या पुढाकारानं २०११ साली नऊ राज्यांतल्या खेड्यांत रेशनव्यवस्थेची पाहणी झाली आणि लोकांना सरळ विचारलं गेलं, तुम्हाला धान्य हवं की पैसे? सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी धान्य मागितलं. कारणंही त्यांनीच दिली. बँक लांब, बाजार लांब. महागाई वाढली तर पैसे तेवढेच राहतात, तांदूळ मात्र कमी येतो. धान्य आलं की ते शिजतंच. आणि जिथं रेशनव्यवस्था तेव्हा ढेपाळलेली होती, त्या बिहारात रोख रकमेकडं कल जास्त होता. बघा, किती व्यवहारी उत्तर! दिल्ली-मुंबईत तज्ज्ञांचे दोन गट वर्षानुवर्षं भांडत होते. एक म्हणे धान्य, दुसरा म्हणे रोख. खेड्यातली बाई म्हणाली, आमच्या दुकानदाराला बघून सांगते.

याउलट, न विचारता केलेलं भलं कसं असतं त्याचं उदाहरणही रेशनमधलंच. रक्तक्षय कमी व्हावा म्हणून लोह मिसळलेला तांदूळ सरकारी योजनांतून देण्याची घोषणा ऑगस्ट २०२१ मध्ये झाली आणि मार्च २०२४ पर्यंत तो देशभर पोचला. हेतू मिठासारखाच चांगला. पण मीठ आणि लोह यांत फरक आहे. थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांनी लोहयुक्त अन्नाबाबत जपावं, अशी सूचना अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांप्रमाणं पाकिटावर छापायची होती. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत आदिवासी समाजात सिकलसेल आहे. आता रेशन दुकानात तांदूळ पोत्यातून मापून पिशवीत पडतो. पोत्यावरची सूचना पोत्यावरच राहते. वाण्याकडं जाणारा म्हणू शकतो, हा नको, तो द्या. रेशनवरची बाई काय म्हणणार? धोका किती, यावर तज्ज्ञांनी वाद घालावा. माझा मुद्दा एवढाच आहे की ज्यांच्या ताटात तो तांदूळ पडणार होता, त्यांच्याशी आधी बोलायला काय हरकत होती?

विचारण्याची एक रीत आपल्याच राज्यात आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. २००८ च्या आदेशाप्रमाणं गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. अट कडक आहे, तरी कित्येक गावांनी ती पुरी केली. याला मी पालकवाद म्हणत नाही. कारण दारुड्याचा मार ज्या पाठीवर पडतो, ती पाठ इथं मत देते.

पूर्ण जिल्हे कोरडे करण्याचा अनुभव मात्र संमिश्र आहे. वर्धा १९७५ पासून, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात स्त्रियांच्या मोठ्या आंदोलनानंतर एप्रिल २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. अवैध दारू आणि गुन्हे वाढल्याचं कारण दिलं गेलं. लोकांनी मागितलेली बंदीसुद्धा नुसत्या आदेशावर चालत नाही, मागणाऱ्यांचा पहारा सतत लागतो. आणि आणताना बायकांना विचारलं होतं, तर उठवतानाही विचारायला हवं होतं.

मित्रहो, पालकवाद वाईट की चांगला, असा कौल मी देणार नाही. मला तीन प्रश्न सुचतात. एखादा नियम 'तुमच्या भल्यासाठी' म्हणून पुढं आला की ते विचारावेत. हा माणूस फसतोय, की स्वतःच्या मर्जीनं जगतोय? या भल्याची किंमत कोण मोजणार आहे? आणि ज्याचं भलं करायचं, त्याला कुणी विचारलं का? मीठ पहिल्या प्रश्नात पास होतं. हेल्मेटही होतं, थोडं काठावर, पण माझ्या बहिणीकडं बघून मी त्याला गुण देतो. डान्सबारची बंदी तिन्हींत नापास होते. आणि तिसऱ्या प्रश्नात पास होणारी धोरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सापडतात.

शेजारच्या चाचांचे मी लिहिलेले अर्ज मला अजून आठवतात. वरती 'मायबाप सरकार' असे, पण खाली ज्या मागण्या असत त्या लेकराच्या नसत. साखर वेळेवर द्या. माप पुरं द्या. दुकान सुट्टीच्या दिवशी उघडं ठेवा, कारण इतर दिवशी आम्ही कामावर असतो. चांगलं कसं जगावं हे शिकवा, अशी मागणी त्यांनी एकदाही लिहायला सांगितली नाही. ते त्यांना येत होतं. त्यांना हवं होतं ते बरोबर मापलेलं आणि वेळेवर दिलेलं. अर्जाखाली ते अंगठा उठवायचे आणि मला म्हणायचे, "आता पूर्ण वाचून दाखव. माझ्या नावानं काय मागितलंय, ते मला कळायला हवं."